कॉल पुढे द्यायचा कसा: एका हेल्पलाइनच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2025, सोमवार

हेल्पलाइनचं काम आजपासून माझ्याकडे आलं. सोलापूर भागातल्या एका सहकारी बँकेची हेल्पलाइन अ‍ॅस्टरिस्क या कॉल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती 13 वरून 22 वर न्यायची आहे. जुना डायलप्लॅन, म्हणजे कॉलने कुठून कुठे जायचं ते लिहिलेली फाइल, जवळजवळ पूर्ण मॅक्रोंवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार तुकड्यांवर, उभा आहे. मॅक्रो वापरू नका असं 16 पासून सांगत होते, 21 मध्ये तो काढूनच टाकला. सिपचा, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायच्या पद्धतीचा, जुना ड्रायव्हरही 21 मध्येच गेला. म्हणजे नवीन आवृत्ती टाकली आणि जुनी फाइल चिकटवली, असं होणार नाही. प्रत्येक फ्लो, म्हणजे कॉलचा एकेक टप्पा, हाताने नव्याने लिहायचा आहे.

फ्लो पाच आहेत: मुख्य मेनू, कार्ड बंद करणं, पीककर्ज, खाती-ठेवी आणि शेवटचा दोन प्रश्नांचा अभिप्राय. शिवाय ओळख पडताळणी, ती मधल्या तिघांनाही लागते. क्यू, म्हणजे एजंटची वाट बघणाऱ्या कॉलच्या रांगा, दोन: एक कार्डाचा आणि एक सर्वसाधारण. दिवसा आठ एजंट, रात्री दोन, आणि रात्री फक्त कार्डाचेच कॉल घेतात.

सगळं पुन्हा लिहायचंच आहे, तर एक गोष्ट आधी ठरवून टाकावी असं वाटतं. एका फ्लोमधला कॉल दुसऱ्या फ्लोमध्ये द्यायचा तो कसा? जुन्या फाइलमध्ये याला काही धरबंद नाही. एकाच फाइलमध्ये कुठे गोटू, कुठे मॅक्रो, कुठे लोकल चॅनेल, आणि एके ठिकाणी तर कॉल बाहेर जाऊन आपल्याच टोल-फ्री नंबरवर परत येतोय. प्रत्येकाने आपापल्या वेळी आपापली अडचण सोडवली, आणि त्या सगळ्या सोडवणुकी एकमेकांवर रचल्या गेल्या.

4 जून, बुधवार

दिवसभर हेडफोन लावून जुनी रेकॉर्डिंग ऐकली. शिफ्ट सुपरवायझर मॅडमनी स्वतः निवडून दिली होती. त्यांनी सांगितलं होतं, "सर, कोड नंतर बघा. आधी हे ऐका."

एक कॉल इथे लिहून ठेवतो. आवाजावरून पंचावन्न-साठीच्या बाई. एसटी स्टँडवरून बोलत असाव्यात, मागे गाड्यांची घोषणा चालू होती. कार्ड एटीएम मशीनमध्ये अडकलेलं. त्यांनी भाषा निवडली, कार्डाचे शेवटचे चार आकडे दाबले, जन्मतारीख दाबली. चुकीचा पर्याय दाबला गेल्यामुळे कॉल सर्वसाधारण क्यूमध्ये गेला. तिथल्या एजंटने चार आकडे आणि जन्मतारीख तोंडी विचारली, मग "कार्ड विभागाला जोडते" म्हणून कॉल पुढे दिला. कार्ड विभागातल्या मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "आवो ताई, आत्ताच तर दोनदा सांगितलं की. बरं, पुन्हा सांगते, लिवून घ्या." आणि त्यांनी चार आकडे एकेक करून, मध्ये थांबत, सांगितले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कमी लागलं असतं.

कारण शोधायला संध्याकाळ गेली, पण सापडलं. एजंट आधी कार्ड विभागाशी बोलून मग कॉल जोडतो, म्हणजे विचारून ट्रान्सफर करतो. ती दुसरी जोडणी एजंटच्या स्वतःच्या चॅनेलवर, म्हणजे सिस्टीममधल्या त्याच्या फोनच्या धाग्यावर, सुरू होते. बाईंची सगळी माहिती मात्र बाईंच्या चॅनेलवरच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यांमध्ये, आहे. कार्डाचा फ्लो एजंटच्या चॅनेलवर चालला, त्यामुळे त्याला ती दिसलीच नाही. क्यूलासुद्धा नंबर एजंटच्या एक्स्टेंशनचाच दिसला. सिस्टीमच्या लेखी तो कोरा कॉल होता.

या प्रकल्पाचं माप मी आजच ठरवलं. माणसाने एकदा सांगितलेलं त्याला पुन्हा सांगावं लागता कामा नये. कुठलीही पद्धत निवडताना आधी हे बघायचं, बाकी सगळं नंतर.

6 जून, शुक्रवार

फळ्यावर चार पद्धती मांडल्या. सोबत टेस्टिंगचं काम करणारा मुलगा होता. त्याने अ‍ॅस्टरिस्क याआधी कधी बघितलेलं नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट त्याला समजेल अशी सांगावी लागली. त्याचा मलाच फायदा झाला.

पहिली पद्धत गोटू. चॅनेल तेच राहतं, फक्त डायलप्लॅनमधली जागा बदलते. व्हेरिएबल सगळी सोबत येतात, रेकॉर्डिंग चालू राहतं, कॉलचा युनिक आयडी तोच. पण परतीचा रस्ता नाही. कुठून आलो ते सिस्टीम विसरून जाते.

दुसरी गोसब. चॅनेल इथेही तेच, पण जाताना परत कुठे यायचं ते एका स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या नोंदींच्या चळतीवर, नोंदवलं जातं. आत काम झालं की रिटर्न म्हणायचं, आणि येताना एक उत्तरही आणता येतं. गोसबला वस्तू देऊन पाठवता येतं, ती आत आर्ग्युमेंट म्हणून मिळते. मॅक्रोच्या जागी हेच येणार.

तिसरी लोकल चॅनेल. इथे नवीन चॅनेल जन्माला येतं, तेसुद्धा दोन तुकड्यांचं. एक तुकडा डायलप्लॅन चालवतो, दुसरा मूळ कॉलला जोडलेला असतो. दोन गोष्टी एकाच वेळी चालवायच्या असतील तर हे लागतं. पण साधी व्हेरिएबल पलीकडे जात नाहीत. नावाच्या आधी एक अंडरस्कोर लावला तर एक पिढी जातात, दोन लावले तर पुढच्या सगळ्या पिढ्यांना मिळतात. जुन्या फाइलमध्ये जिथे जिथे माहिती हरवते आहे, त्यातल्या निम्म्या जागी हाच अंडरस्कोर लावायचा राहिलाय.

चौथी म्हणजे कॉल बाहेर देऊन टाकणं. सिपमध्ये यासाठी रेफर नावाचा संदेश आहे, 2003 च्या आरएफसी 3515 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामधला. आपण ऑपरेटरला सांगायचं की हा कॉल आता अमुक नंबरला जोड आणि मला मोकळं कर. ते जमलं की आपल्याकडे काहीच उरत नाही, रेकॉर्डिंगही नाही आणि नोंदही नाही.

मुलाने विचारलं, "मग सर, सगळीकडे गोसबच का नाही वापरायचा? माहितीही राहते, परतही येता येतं."

प्रश्न बरोबर होता. मी त्याला म्हटलं, तू एखाद्याला गावाला सोडायला निघालास, तो परत येणारच नाहीये, तरी तू त्याचं जेवण झाकून ठेवलंस. असं शंभर जणांचं झाकून ठेवलंस तर ओट्यावर जागा उरेल का? जो कॉल परत यायचाच नाही त्याच्यासाठी परतीची जागा राखून ठेवायची नाही. म्हणून प्रत्येक जोडणीपाशी आधी एकच विचारायचं: हा माणूस इथे परत येणार आहे का?

10 जून, मंगळवार

ओळख पडताळणी गोसबने लिहिली. सोपं काम, पटकन झालं. आत जाताना दोन आर्ग्युमेंट: कुठल्या फ्लोमधून आलो आणि किती वेळा प्रयत्न करू द्यायचा. बाहेर येताना "ठीक" किंवा "नापास". आतली तात्पुरती व्हेरिएबल लोकल ठेवली, म्हणजे बाहेरच्या नावांशी टक्कर नको. पडताळणी झाली की ग्राहक क्रमांक आणि "ओळख पटली" अशी खूण चॅनेलवर कायमची लिहून ठेवायची, दोन अंडरस्कोर लावून. दुसऱ्या फ्लोने आधी ती खूण बघायची. खूण असेल तर पडताळणीला पाठवायचंच नाही.

मुख्य मेनूमधून कार्ड, पीककर्ज आणि खाती या तिघांकडे मात्र गोटू. तिथून कोणी मेनूत परत येत नाही. "मुख्य मेनूसाठी तारा दाबा" हा पर्यायसुद्धा नव्याने गोटूच आहे, परतणं नव्हे.

11 जून, बुधवार

बाहेरच्या कार्ड कंपनीच्या चोवीस तासांच्या डेस्कला काही कॉल द्यावे लागतात. रेफर करून पाहिला. ऑपरेटरने नाकारला, ट्रान्सफरचं स्टेटस "फेल्युअर" आलं. ऑपरेटरच्या माणसाशी बोललो, ही सोय या ट्रंकवर, म्हणजे ऑपरेटरकडून आलेल्या आपल्या लाइनवर, नाही म्हणाला. मग डायल करून जोडणं एवढंच हातात उरलं. त्यात एका कॉलला दोन वाहिन्या अडकतात, एक येणारी आणि एक जाणारी. आपल्याकडे तीस आहेत, त्यामुळे चालेल, पण दहा-बारा कॉल एकदम बाहेर गेले तर मुख्य नंबर एंगेज लागू लागेल. एका वेळी किती कॉल बाहेर जातील त्यावर मर्यादा घातली.

ग्राहकाची माहिती सिपच्या यूझर-टू-यूझर हेडरमधून, म्हणजे कॉलसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून, पाठवायचा विचार होता. 2015 पासून त्याला आरएफसी 7433 आहे. पण मधला ऑपरेटर तो हेडर गिळतो, पलीकडे पोचतच नाही. ग्राहकाचा नंबरही पलीकडे जात नाही, आपल्या ट्रंकचाच दिसतो. म्हणून वेगळी वाट काढली. डायल करण्याआधी एक संदर्भ क्रमांक आणि ग्राहक क्रमांक नेटवरून त्यांच्या सिस्टीमला कळवायचा, आणि एजंटने जोडताना तोंडी फक्त संदर्भ क्रमांक सांगायचा. कार्ड क्रमांक कुठल्याच वाटेने पाठवायचा नाही.

13 जून, शुक्रवार

आजचं काम या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत नाजूक आहे, म्हणून नीट लिहितो.

कार्डाच्या एजंटला काही वेळा ग्राहकाचा फोन पिन लागतो. जुन्या पद्धतीत ग्राहक तो तोंडी सांगतो आणि एजंट टाइप करतो. मला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खुपत होती. पिन एजंटच्या कानावर पडायलाच नको. एजंटने ग्राहकाला बोलता बोलता पिनच्या फ्लोमध्ये पाठवायचं, ग्राहक बटणं दाबेल, आणि मग तो त्याच एजंटकडे परत यायला हवा. दुसऱ्या एजंटकडे गेला तर पुन्हा सगळी कहाणी.

इथे ना साधा गोटू चालतो, ना गोसब. कॉल क्यूच्या आत एजंटशी जोडलेला असतो. म्हणून थेट ट्रान्सफर: एजंट ठरलेली दोन बटणं दाबतो आणि ग्राहकाचं चॅनेल उठून पिनच्या फ्लोमध्ये जातं. विचारून ट्रान्सफर करायचा नाही, 4 जूनच्या बाईंचं कारण तेच होतं. थेट ट्रान्सफरमध्ये ग्राहकाचं स्वतःचं चॅनेल हलतं, त्यामुळे व्हेरिएबल सोबत जातात.

परत त्याच एजंटकडे कसं आणायचं? क्यूच्या सेटिंगमध्ये सेट-इंटरफेस-व्हार हा पर्याय चालू केला, की एजंटशी जोडण्याच्या क्षणी त्या एजंटचा पत्ता ग्राहकाच्या चॅनेलवर लिहिला जातो. पिन झाला की त्याच पत्त्यावर वीस सेकंद डायल करायचं. नाही उचललं तर क्यूमध्ये परत, पण रांगेच्या शेवटी नाही. क्यू-प्रायो हे व्हेरिएबल आधी वाढवून ठेवायचं, म्हणजे कॉल पुढे बसतो.

अडचण मधल्या वेळेची. ग्राहक पिन दाबत असताना एजंट मोकळा दिसतो, आणि क्यू त्याला लगेच दुसरा कॉल देऊन टाकतो. म्हणून पिनच्या फ्लोची पहिलीच ओळ म्हणजे त्या एजंटला क्यूमध्ये पॉज करणं. परत जोडला की पॉज काढायचा. ट्रान्सफर आणि पॉज यांच्या मधल्या सूक्ष्म क्षणासाठी रॅपअपची, म्हणजे एक कॉल संपल्यावर दुसरा देण्याआधीची, पाच सेकंदं ठेवली आहेतच.

रेकॉर्डिंग पिनच्या फ्लोमध्ये शिरताच थांबवलं, परतल्यावर नवीन सुरू केलं. मग सहज म्हणून लॉग उघडला आणि हात थांबला. रीड ही कमांड ग्राहकाने दाबलेले आकडे लॉगच्या व्हर्बोस 3 या तपशिलाच्या पातळीवर जसेच्या तसे छापते. माझा चाचणीचा पिन लॉगमध्ये स्पष्ट वाचता येत होता. हेडफोनमधून पिन जाऊ नये म्हणून इतकं केलं, आणि तो डिस्कवर उघडा पडला होता. लॉगची पातळी 2 वर आणली, डीटीएमएफची, म्हणजे दाबलेल्या बटणांच्या नोंदीची, पातळीही बंद केली, आणि चाचणीचा लॉग पुसून टाकला. पिन कुठल्याही कमांडला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा नाही, हेही लिहून ठेवलं, कारण कमांडची अख्खी ओळही त्याच पातळीवर छापली जाते. जुन्या सर्व्हरवर ही पातळी काय आहे ते उद्या सकाळी आधी बघायचं.

14 जून, शनिवार

बघितलं. 5 होती. सुपरवायझर मॅडम आणि बँकेच्या आयटी प्रमुखांना सांगितलं, जुने लॉग त्यांच्या देखत बंद करून पुसले, आणि लेखी कळवलं. लपवायचं काही कारण नव्हतं.

17 जून, मंगळवार

टेस्टिंगच्या मुलाने दुपारी एक विचित्र गोष्ट सांगितली. "सर, कार्ड बंद झालं, एजंटने तसं सांगितलं, मी अभिप्रायाला दोन प्रश्नांची उत्तरं दिली, आणि शेवटी यंत्राचा आवाज म्हणाला की आपली ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा."

मी दहा वेळा करून पाहिलं. माझ्याकडे एकदाही झालं नाही. त्याच्याकडे मात्र दर वेळी.

18 जून, बुधवार

सापडलं. जसं कळलं तसं लिहितो, कारण यातून पुढचे सगळे नियम ठरले.

फरक एवढाच होता की मी चार आकडे आणि जन्मतारीख नीट दाबत होतो. तो मुलगा पडताळणीत मध्येच 0 दाबून थेट एजंटकडे जात होता. खऱ्या ग्राहकांपैकी कित्येक जण हेच करतात, त्याचं बरोबर होतं.

आता 0 दाबल्यावर काय होत होतं ते बघू. पडताळणी गोसबने आत गेलेली आहे. स्टॅकवर परतीची जागा नोंदलेली आहे: कार्डाच्या फ्लोमधली पुढची ओळ. आत 0 दाबला की मी गोटूने सरळ क्यूकडे उडी मारत होतो. उडी बरोबर लागत होती, एजंट मिळत होता. पण ती परतीची नोंद स्टॅकवर तशीच पडून राहत होती, कोणी उचललीच नाही.

पुढे एजंटने फोन ठेवला. क्यूला सी पर्याय दिलेला असल्यामुळे कॉल तुटत नाही, डायलप्लॅन पुढे चालतो आणि अभिप्रायात जातो. अभिप्रायाचा फ्लो मी सुरुवातीला गोसबने बोलवायचं ठरवून लिहिला होता, म्हणून त्याची शेवटची ओळ रिटर्न. नंतर बोलवणारी जागा गोटू केली, शेवटची ओळ तशीच राहिली. नेहमीच्या कॉलमध्ये स्टॅक रिकामा असतो, त्यामुळे रिटर्नला जायला जागा नाही, कॉल तिथेच तुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, छान, अभिप्राय झाला आणि कॉल संपला. प्रत्येक कॉलला लॉगमध्ये "गोसबशिवाय रिटर्न" अशी एररची ओळ येत होती. ती मी दोन दिवस बघत होतो आणि कॉल बरोबर संपतोय म्हणून तिच्याकडे गेलो नव्हतो.

त्या मुलाच्या कॉलमध्ये स्टॅक रिकामा नव्हता. पडताळणीची शिळी नोंद होती. रिटर्नने ती उचलली आणि ग्राहकाला कार्डाच्या फ्लोमध्ये, पडताळणीच्या लगेच पुढच्या ओळीवर नेऊन उभं केलं. तिथे उत्तर तपासलं जातं: "ठीक" आहे का? अभिप्रायाचा रिटर्न काहीच उत्तर आणत नाही, कोरा येतो. कोरं म्हणजे "ठीक" नाही. म्हणून "आपली ओळख पटली नाही".

एसटी स्टँडवरच्या त्या बाई डोळ्यांसमोर आल्या. कार्ड बंद झालं असं एजंटने नुकतंच सांगितलंय, त्यांचा जीव भांड्यात पडलाय, आणि शेवटी यंत्र म्हणतंय ओळख पटली नाही. त्यांनी काय समजायचं? कार्ड बंद झालं की नाही? त्या रात्री झोपतील का?

दुरुस्ती एका ओळीची नाही, शिस्तीची आहे. पडताळणी आता तीन उत्तरं आणते: "ठीक", "नापास" आणि "एजंट". 0 दाबला तरी आतून उडी मारायची नाही, "एजंट" घेऊन परत यायचं. पुढे क्यूकडे जायचं की नाही ते ज्याने बोलावलं तो ठरवेल. स्टॅकवरची वरची नोंद पुसायला स्टॅक-पॉप आहे, ते वापरलं असतं तर आजचं भागलं असतं, पण उद्या कोणी दुसरी उडी लिहील आणि पॉप विसरेल. अभिप्रायाच्या शेवटी रिटर्नच्या जागी हँगअप.

फाइलच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गोसबने आत आलेला रिटर्ननेच बाहेर जाईल. एकाच फ्लोला कुठून गोटूने आणि कुठून गोसबने बोलवायचं नाही. प्रत्येक फ्लोच्या नावातच आता ते कळतं: "जा-" ने सुरू होणारे परत न येणारे, "ये-" ने सुरू होणारे परतणारे.

मुलाला संध्याकाळी चहा पाजला आणि सांगितलं की हा दोष तुझ्यामुळे सापडला. त्याने ग्राहकासारखा फोन वापरला, मी प्रोग्रामरसारखा.

20 जून, शुक्रवार

बँकेच्या आयटी प्रमुखांनी विचारलं की हे सगळं क्लाउडवर का नेत नाही, तिथे असे प्रश्नच येणार नाहीत. खर्च आणि बँकेच्या नियमांचा भाग त्यांचा, त्यावर मी बोललो नाही. पण हा प्रश्न तिथेही सुटत नाही, हे सांगितलं. अ‍ॅमेझॉन कनेक्टमध्ये ट्रान्सफर टू फ्लो नावाचा ठोकळा आहे. त्याने चालू फ्लो संपतो आणि कॉल दुसऱ्यात जातो, परत येत नाही. परत यायचं असेल तर मॉड्यूल बोलवावं लागतं. म्हणजे आपलेच गोटू आणि गोसब, दुसऱ्या कपड्यांत. बाहेरच्या डेटाबेसमधून आणलेलं उत्तर तिथेही कॉलच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मुद्दाम जपून ठेवावं लागतं, नाहीतर पुढचं उत्तर आलं की आधीचं पुसलं जातं. वेबेक्स या तशाच सेवेतही गोटू वेगळा आणि सबफ्लो वेगळा. चित्रं काढून फ्लो जोडले तरी हा माणूस परत येणार आहे का, हे ठरवायला कोणीतरी लागतंच.

24 जून, मंगळवार

अहवाल. पिनला जाऊन परत क्यूमध्ये आलेला कॉल दोनदा क्यूत शिरल्याची नोंद होते, म्हणून जुना अहवाल त्याला दोन कॉल मोजत होता. युनिक आयडी एकच आहे, तो धरून मोजायला सांगितलं. लोकल चॅनेल आणि बाहेरच्या डायलसाठी लिंक्ड आयडी, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या चॅनेलचा सामाईक क्रमांक. बस.

27 जून, शुक्रवार

नवीन सिस्टीम चालू करायची तारीख. बँकेला 5 जुलैची शनिवारची रात्र हवी होती, कारण 6 तारखेला रविवार. सुपरवायझर मॅडम एका वाक्यात म्हणाल्या, "रविवारी आषाढी आहे." पंढरपुरात त्या दिवशी लाखोंची गर्दी. पाकीट हरवलं, खिसा कापला, कार्ड गेलं, असे कॉल वर्षभरात त्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक येतात, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे आणि ते कुठल्याच अहवालात नव्हतं. तारीख 12 जुलैला ढकलली.

2 जुलै, बुधवार

लोड टेस्ट. तासाभराने क्यूची स्थिती पाहिली तर आठपैकी तीन एजंट पॉज दिसत होते, आणि तिघांपैकी कोणीही ब्रेक घेतलेला नव्हता. खऱ्या दिवशी हे झालं असतं तर रांग वाढत गेली असती आणि एजंट रिकामे बसून राहिले असते, कारण कोणालाच कळलं नसतं.

पिन तीनदा चुकला तर मी कॉल सर्वसाधारण क्यूकडे गोटूने देत होतो. त्या वाटेवर पॉज काढायचा राहिला होता. तो काढायची सोय मी पिनच्या कॉन्टेक्स्टमधल्या, म्हणजे डायलप्लॅनच्या त्या विभागातल्या, एच एक्स्टेंशनमध्येही केली होती, कॉल तुटला की ती चालते. पण एच शोधलं जातं ते कॉल तुटताना चॅनेल ज्या कॉन्टेक्स्टमध्ये असेल तिथे. ग्राहकाने सर्वसाधारण क्यूत वाट बघून फोन ठेवला, म्हणजे त्या क्यूचं एच चाललं, माझं नाही.

यासाठी हँगअप हँडलर आहे, अ‍ॅस्टरिस्क 11 पासून. तो चॅनेलला बांधलेला असतो, चॅनेल कुठल्याही कॉन्टेक्स्टमध्ये गेलं तरी सोबत जातो. पिनच्या फ्लोमध्ये शिरताना पॉजच्या आधी हँडलर बांधला. शिवाय क्यूकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर पॉज काढायची ओळ टाकली, कारण तिथे कॉल तुटेपर्यंत थांबणं एजंटवर अन्याय आहे. संध्याकाळी पुन्हा टेस्ट घेतली. मुलाने प्रत्येक पायरीवर मुद्दाम फोन आपटला: भाषा निवडताना, पिनचा दुसरा आकडा दाबून झाल्यावर, एजंटची रिंग वाजत असताना, अभिप्रायाच्या मधोमध. एकही एजंट अडकला नाही.

13 जुलै, रविवार

काल रात्री साडेअकराला जुनी बंद, नवीन चालू. पहिला खरा कॉल पावणेबाराला आला, चुकीचा नंबर. पहाटेपर्यंत थांबलो. रात्रीच्या दोन्ही एजंटांनी पिनचा फ्लो वापरला. एकीने तोंडी विचारायला सुरुवात केली होती, मग स्वतःच थांबून "थांबा दादा, मी तुम्हाला बटणं दाबायला पाठवते, परत माझ्याकडेच याल" असं म्हणाली. हे वाक्य आम्ही लिहून दिलेलं नव्हतं. आमच्या वाक्यापेक्षा चांगलं आहे. सगळ्यांना हेच वाक्य द्यायचं.

15 जुलै, मंगळवार

आज मॅडमसोबत कालचे कॉल ऐकले. मोहोळकडचे एक शेतकरी, पीककर्जासाठी फोन, पण बोलताना कळलं की कार्डही हरवलंय. एजंटने थेट ट्रान्सफरने कार्ड क्यूकडे पाठवलं. कार्डाच्या एजंटच्या पडद्यावर नाव आणि "ओळख पटली" आधीच होतं. ती म्हणाली, "नमस्कार काका, तुमचं कार्ड हरवलंय ना? कधीपासून सापडत नाही?" पलीकडे क्षणभर शांतता. मग, "तुमाला कसं कळलं वो?"

मॅडमनी रेकॉर्डिंग मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं.

एक त्रुटी उरली आहे. एजंट कॉल पुढे देताना का देतोय हे लिहायला त्याला पडद्यावर जागा नाही. या कॉलमध्ये पीककर्जाच्या एजंटने मेसेंजरवर दुसरीला कळवलं म्हणून जमलं. पुढे देण्याच्या बटणासोबत एक छोटी चौकट हवी, तीस-चाळीस अक्षरांची, जी ग्राहकाच्या चॅनेलवर जाईल. उद्यापासून ते.